तारकेची प्रतिमा आणि स्वभावाचे अनुमान : मॅडोनाच्या निमित्ताने

१

एखाद्या लोकप्रिय गायिकेची गाणी, चित्रफिती, मुलाखती आणि छायाचित्रे समोर ठेवून तिचा 'खरा' स्वभाव कोणत्या प्रकारात बसतो हे ठरवण्याचा उद्योग वरवर पाहता समीक्षेच्या कक्षेबाहेरचा वाटतो. चाहत्यांची ती करमणूक आहे, असे म्हणून तो बाजूला सारता येतो. परंतु या उद्योगाची कार्यपद्धती थोडी तपासली, की समीक्षेचेच काही जुने प्रश्न त्यात वेषांतर करून वावरत असल्याचे ध्यानात येते. उपलब्ध चिन्हांवरून अनुपलब्ध व्यक्तीकडे जाणे, विखुरलेल्या कृतींमागे एक सुसंगत अंतःकरण कल्पिणे आणि मग त्याच अंतःकरणाच्या आधारे त्या कृतींचा उलगडा करणे, ही रीत चरित्रात्मक समीक्षेने दीर्घकाळ अवलंबिली आहे. कवितेवरून कवीची प्रकृती ठरवायची आणि त्या प्रकृतीवरून पुन्हा कवितेचा अर्थ लावायचा, हे वर्तुळ साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही.

हे वर्तुळ भेदण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात वारंवार झाले. विम्सट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूला अर्थनिर्णयनाचे प्रमाण मानण्यातील दोष दाखवून दिला. बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. फूको यांनी १९६९ मध्ये 'लेखक' हे व्यक्तीचे नाव नसून संहितांचे नियमन करणारे एक कार्य आहे, अशी मांडणी केली. सिद्धान्ताच्या पातळीवर हा प्रश्न त्यामुळे निकालात निघाल्यासारखा झाला. मात्र लोकप्रिय संगीतातील तारकेच्या बाबतीत हा निकाल पुरेसा ठरत नाही. कवीचा देह त्याच्या कवितेचा घटक नसतो. गायिकेचा आवाज, चेहरा, चाल आणि नाव ही मात्र तिच्या कलेची सामग्रीच असते. लेखिकेला संहितेबाहेर ठेवा असे म्हणणे येथे सोपे नाही, कारण तीच संहितेचा मोठा भाग असते.

म्हणूनच स्वभावाच्या अनुमानाची केवळ थट्टा करणे किंवा त्याला केवळ निषिद्ध ठरवणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. हे अनुमान प्रतिमेचे वाचन म्हणून कितपत ग्राह्य आहे आणि व्यक्तीविषयीचे ज्ञान म्हणून ते कोठे कोसळते, याचा विचार करावा लागतो. त्यासाठी मॅडोनाचे उदाहरण सोयीचे आहे. १९८३ मधील पहिल्या संग्रहापासून पुढील चार दशकांची सामग्री तिच्या बाबतीत उपलब्ध आहे. शिवाय विद्यापीठीय अभ्यासाचा विषय होण्याचा मान, किंवा भोग, लाभलेल्या पहिल्या काही पॉप-गायिकांमध्ये तिची गणना होते. 'द मॅडोना कनेक्शन' हा समीक्षालेखांचा संग्रह १९९३ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

२

स्वभावप्रकारांची जी परिभाषा आज सर्वत्र वापरली जाते तिचा उगम कार्ल युंग यांच्या १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'मानसशास्त्रीय प्रकार' या ग्रंथात आहे. या ग्रंथाकडे साहित्याच्या अभ्यासकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. प्रकारांची व्यवस्थित वर्णने त्यात अखेरच्या भागात येतात. त्यापूर्वीची शेकडो पृष्ठे शिलरचे सौंदर्यविषयक लेखन, नीत्शेची अपोलो व डायोनिसस ही जोडी, स्पिटेलरचे प्रमीथिअस व एपिमीथिअस यांवरील काव्य आणि विल्यम जेम्सची तत्त्वज्ञांविषयीची मते यांच्या विवेचनाने भरलेली आहेत. म्हणजे प्रकारांची ही कल्पना केवळ रुग्णांच्या निरीक्षणातून निघालेली नाही. तिचा बराच भाग ग्रंथांच्या वाचनातून आलेला आहे.

पुढचा टप्पा अधिक बोलका आहे. अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज यांनी युंग वाचण्यापूर्वीच थोरामोठ्यांची चरित्रे वाचून माणसांची स्वतःची अशी एक वर्गवारी तयार करण्यास आरंभ केला होता. १९२३ मध्ये युंग यांचा ग्रंथ इंग्रजीत आल्यावर त्यांनी ती बाजूला ठेवून युंग यांची परिभाषा स्वीकारली. त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या परिभाषेला प्रश्नावलीचे रूप दिले. मायर्स या मानसशास्त्रज्ञ म्हणून प्रशिक्षित नव्हत्या. त्यांच्या नावावर १९३० च्या सुमारास प्रसिद्ध झालेली एक रहस्यकथा होती. बहिर्मुख की अंतर्मुख, संवेदनप्रधान की अंतःप्रज्ञाप्रधान, विचारप्रधान की भावनाप्रधान, निर्णयशील की ग्रहणशील अशा चार अक्षांवर माणसाची जागा निश्चित करून सोळा प्रकार सांगणारी ही पद्धत, एका चरित्रवाचक आईच्या आणि रहस्यकथाकार मुलीच्या हातून घडली. व्यक्तिचित्रणाची सवय तिच्या मुळाशीच आहे.

या पद्धतीवर मानसशास्त्राने घेतलेले आक्षेप सर्वज्ञात आहेत. बहुसंख्य माणसांचे गुण प्रत्येक अक्षाच्या मध्यभागी पडतात. दोन टोकांना दोन स्वतंत्र समूह आढळत नाहीत. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा एखादा तरी अक्ष बदलतो. स्वतः युंग यांनीही आपल्या ग्रंथाच्या १९३४ च्या एका प्रस्तावनेत, माणसांना अशी लेबले चिकटवत बसणे हा आपला उद्देश नसल्याचे बजावले होते. येथे प्रस्तुत असलेला मुद्दा मात्र वेगळा आहे. मायर्स यांची प्रश्नावली व्यक्तीला स्वतःविषयी विचारते. तिच्या प्रामाण्याविषयी शंका असली, तरी उत्तर देणारा आणि ज्याच्याविषयी उत्तर द्यायचे तो एकच असतो. तारकेच्या बाबतीत प्रश्नावली चाहता भरतो, आणि उत्तरे प्रसिद्धीसाठी निर्माण केलेल्या साहित्यातून काढली जातात. चाचणीचे जे काही थोडे प्रामाण्य असेल तेही या स्थलांतरात नाहीसे होते. उरते ती केवळ परिभाषा.

३

ही परिभाषा मॅडोनाच्या प्रतिमेला लावून पाहिली असता काय घडते, हे तपशिलाने पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिला अक्ष बहिर्मुखतेचा. सहस्रावधी प्रेक्षकांसमोर नाचणारी, वाद ओढवून घेणारी, कॅमेऱ्याला नजर भिडवणारी स्त्री बहिर्मुखच असणार, हा निष्कर्ष अपरिहार्य भासतो. परंतु युंग यांच्या लेखी बहिर्मुखता म्हणजे धिटाई नव्हे. मानसिक शक्तीचा ओघ बाह्य वस्तूकडे आहे की आंतरिक विश्वाकडे, हा तो प्रश्न आहे. व्यासपीठावर उभे राहणे ही गायिकेची व्यावसायिक गरज असते, त्यावरून ओघाची दिशा कळत नाही. त्याच प्रतिमेत १९८९ च्या 'लाइक अ प्रेअर' या संग्रहातील आईच्या मृत्यूविषयीचे आणि वडिलांशी असलेल्या नात्याविषयीचे गाणेही आहे. मॅडोनाची आई १९६३ साली, ती पाच वर्षांची असताना कर्करोगाने वारली. या गाण्यांना पुरावा मानणारा वाचक तितक्याच सहजतेने अंतर्मुखतेचा निर्णय देऊ शकतो.

दुसरा अक्ष संवेदन आणि अंतःप्रज्ञा यांचा. नृत्य, देह, वस्त्रे यांवरील भर पाहता संवेदन; येऊ घातलेल्या प्रवाहाचा सुगावा इतरांआधी लागतो, म्हणून अंतःप्रज्ञा. या दुसऱ्या निष्कर्षासाठी १९९० मधील 'व्होग' हे गाणे साक्षीला काढले जाते. पण त्या गाण्यातील नृत्यशैली न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी समाजाच्या नृत्यमेळाव्यांत कितीतरी आधीपासून नांदत होती. त्या मेळाव्यांतूनच आलेल्या होसे गुतिएरेझ आणि लुईस कामाचो या नर्तकांचा चित्रफितीच्या नृत्यरचनेत वाटा होता. एका समूहाने घडवलेली शैली येथे एका व्यक्तीच्या अंतःप्रज्ञेच्या खाती जमा होते. स्वभावाचा शोध घेताना इतिहास पुसला जातो तो असा.

तिसरा अक्ष विचार आणि भावना यांचा. १९९२ साली स्वतःची संस्था स्थापन करणारी, व्यवहारावर घट्ट पकड ठेवणारी म्हणून विचारप्रधान. आईच्या आठवणीने व्याकूळ होणारी म्हणून भावनाप्रधान. चौथा अक्ष निर्णयशीलतेचा. दौऱ्याचा क्षण न् क्षण आखणारी म्हणून निर्णयशील; दर दोन वर्षांनी नवे रूप धारण करणारी म्हणून ग्रहणशील.

चारही अक्षांवर दोन्ही बाजूंचा पुरावा हाती येतो. याचा अर्थ सोळांपैकी कोणताही प्रकार मॅडोनाच्या प्रतिमेतून सिद्ध करता येतो. ज्या अनुमानाला कोणताही पुरावा खोटे ठरवू शकत नाही ते अनुमान व्यक्तीविषयी काही सांगत नसते. बर्ट्रम फोरर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात आठवतो. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचे व्यक्तिमत्त्व' म्हणून एक वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सर्वांना एकच दिलेले होते आणि त्याचा बराचसा मजकूर ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून घेतलेला होता. वर्णन पुरेसे सैल असले, की ऐकणारा आपल्या अनुभवाने ते भरून काढतो.

साहित्याच्या अभ्यासकाला त्याहून अधिक जवळचा वाटेल असा प्रयोग जोन्स आणि हॅरिस यांचा आहे. १९६७ च्या या अभ्यासात वाचकांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने वा विरुद्ध लिहिलेले निबंध देण्यात आले. निबंधलेखकाला बाजू निवडण्याची मुभा नव्हती, ती नेमून दिली होती, हे सांगूनही वाचकांनी निबंधातील मत काही प्रमाणात लेखकाचेच मानले. संहिता परिस्थितीने घडवली आहे हे ठाऊक असतानाही वाचक तिच्यामागे स्वभाव शोधतो. ही प्रवृत्ती अडाणीपणाची नव्हे. वाचनाच्या क्रियेतच ती वसलेली असावी. म्हणूनच समीक्षेने तिच्याविषयी सावध असले पाहिजे.

४

मॅडोनाच्या बाबतीत या प्रवृत्तीचा सर्वांत प्रसिद्ध परिणाम म्हणजे 'मटीरिअल गर्ल' हे तिला चिकटलेले बिरुद. ऐहिक लाभाकडे डोळा ठेवणारी, हिशेबी स्त्री असे तिच्या स्वभावाचे वर्णन या गाण्याच्या शीर्षकावरून रूढ झाले आणि ते अनेक दशके टिकले. या बिरुदामागील पहिली विसंगती अगदी साधी आहे : हे गाणे मॅडोनाने लिहिलेले नाही. ते पीटर ब्राउन आणि रॉबर्ट रॅन्स या दोन पुरुषांचे आहे. त्याच १९८४ च्या संग्रहाचे शीर्षकगीत 'लाइक अ व्हर्जिन' हेही बिली स्टाइनबर्ग आणि टॉम केली यांचे आहे, आणि त्याचे शब्द स्टाइनबर्ग यांना स्वतःच्या प्रेमानुभवातून सुचले होते. एका पुरुषाच्या मनोवस्थेतून निघालेले शब्द एका स्त्रीच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वाचले गेले. गाणारा कंठ हाच बोलणाऱ्या 'मी'चा उगम आहे, असे गृहीत धरल्याखेरीज हे घडत नाही.

दुसरी विसंगती अधिक गुंतागुंतीची आहे आणि ती १९८५ च्या चित्रफितीत आहे. मेरी लॅम्बर्ट दिग्दर्शित या चित्रफितीत १९५३ च्या 'जंटलमेन प्रिफर ब्लाँड्ज' या चित्रपटातील मॅरिलिन मन्रोच्या हिऱ्यांविषयीच्या नृत्यगीताची प्रतिकृती उभी केलेली आहे : तोच गुलाबी पोशाख, तोच जिना, भोवती तेच सूट घातलेले पुरुष. पण ही प्रतिकृती एका चौकटीत बसवलेली आहे. चौकटीतील कथेत कीथ कॅरडाइनने वठवलेला चित्रपटव्यवसायातील एक धनिक पडद्यावर हे नृत्य पाहतो आणि त्यातील नटीवर लुब्ध होतो. मग दूरध्वनीवरचे तिचे बोलणे त्याच्या कानावर पडते, आणि किमती भेटवस्तूंचे तिला अप्रूप नाही हे त्याला कळते. तो आणलेली भेट टाकून देतो, साधी डेझीची फुले नेतो आणि एका जुनाट ट्रकमधून तिला फिरायला घेऊन जातो. मात्र तो ट्रक त्याने पैसे मोजून दुसऱ्याकडून मिळवलेला असतो.

या रचनेत स्वभावाचे अनुमान हाच कथाविषय झाला आहे. पडद्यावरील नटी लोभी आणि पडद्यामागील नटी निर्लोभ, असा भेद चित्रफीत करते. पण पडद्यामागील ही निर्लोभ नटीदेखील चित्रफितीतील पात्रच आहे. 'आतली' मॅडोना 'बाहेरच्या' मॅडोनाइतकीच लिहिलेली, सजवलेली आणि चित्रित केलेली आहे. अनुमान करणारा धनिकही निरपवाद नाही. चोरून ऐकलेल्या चार वाक्यांवरून त्याने तिचा स्वभाव ठरवला आणि त्या स्वभावाला अनुरूप असा स्वतःचा साधेपणा विकत घेतला. ज्याला 'अस्सल' म्हणून निवडले जाते ते येथे दोन्ही बाजूंनी रचलेले आहे. चित्रफीत पाहून मॅडोनाला लोभी ठरवणारा प्रेक्षक केवळ चौकटीतील गीत पाहतो; तिला मनाने साधी ठरवणारा प्रेक्षक त्या धनिकाच्या जागी जाऊन बसतो. दोघेही ज्या वाचनात सापडतात ते चित्रफितीने आधीच मांडून ठेवले आहे.

हीच युक्ती १९९१ च्या 'ट्रूथ ऑर डेअर' या ॲलेक केशिशियान दिग्दर्शित माहितीपटात मोठ्या पटावर येते. त्यात रंगमंचावरील गाणी रंगीत आहेत आणि रंगमंचामागील प्रसंग कृष्णधवल. कृष्णधवल चित्रणाला वास्तवाचा जो सांस्कृतिक संकेत चिकटलेला आहे त्याचा हा सरळ उपयोग आहे : रंग म्हणजे खेळ, कृष्णधवल म्हणजे सत्य. पण याच कृष्णधवल भागात मॅडोना आईच्या थडग्यापाशी जाते, आणि तेथेही कॅमेरा उपस्थित असतो. तिचा घसा वैद्याकडून तपासला जात असतानाच्या प्रसंगात वॉरन बीटी कॅमेऱ्याच्या या सततच्या उपस्थितीवर टोमणा मारतो. कॅमेऱ्याबाहेर तिला जगण्यात रसच नाही, असा त्याचा आशय आहे. प्रेक्षकाला हा टोमणा सत्याचा क्षण वाटतो. परंतु तो माहितीपटात ठेवला गेला आहे, आणि जिच्या संमतीने तो ठेवला गेला तिच्याचविषयी तो आहे. प्रतिमेवरील टीका पचवून प्रतिमा अधिक भरीव होते. रिचर्ड डायर यांनी १९७९ च्या 'स्टार्स' या ग्रंथात आणि पुढे १९८६ च्या 'हेवन्ली बॉडीज' मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, तारका 'प्रत्यक्षात' कशी आहे हा प्रश्न तारकाव्यवस्थेच्या बाहेरून येत नाही. ती व्यवस्थाच तो निर्माण करते आणि त्याचे उत्तर सतत पुढे ढकलत राहते.

५

येथपर्यंतचे विवेचन ज्ञानविषयक होते. या अनुमानाला एक नैतिक बाजूही आहे आणि ती अधिक गंभीर आहे. मॅडोनाच्या कारकिर्दीतील जवळजवळ प्रत्येक व्यावसायिक निर्णय तिच्या स्वभावाचा आविष्कार म्हणून वर्णिला गेला. महत्त्वाकांक्षा, नियंत्रणाची हाव, हिशेबीपणा ही विशेषणे तिच्याविषयीच्या लेखनात सर्रास आढळतात. जे काम पुरुष कलावंताच्या बाबतीत शिस्त, दृष्टी वा कारागिरी म्हणून नोंदले जाते ते स्त्रीच्या बाबतीत प्रकृतीच्या सदरात टाकले जाते. प्रकृती ही उपजत असते. तिचे श्रेय द्यावे लागत नाही. अशा रीतीने स्वभावाचे अनुमान श्रमाला अदृश्य करण्याचे साधन बनते.

याच्या विरुद्ध उदाहरण म्हणून सूझन मॅक्लेरी यांच्या १९९१ च्या 'फेमिनिन एंडिंग्ज' या ग्रंथातील मॅडोनाविषयक प्रकरणाचा निर्देश करता येईल. मॅक्लेरी व्यक्तीकडे न वळता संगीताकडे वळतात. १९८६ च्या 'लिव्ह टू टेल' या गीताची रचना दोन स्वरकेंद्रांमध्ये दोलायमान राहून निश्चित समाप्ती कशी टाळते, आणि पाश्चात्त्य संगीतातील समाप्तीच्या संकेतांना लिंगभावाचे जे अर्थ चिकटलेले आहेत त्यांच्याशी हे टाळणे कसा झगडा मांडते, हे त्या दाखवतात. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य होतीलच असे नाही. पण त्यांच्याशी वाद घालता येतो, कारण पुरावा गीतात आहे आणि तो कोणालाही ऐकता येतो. स्वभावप्रकाराविषयी असा वाद संभवत नाही.

दुसऱ्या दिशेने बेल हुक्स यांनी १९९२ मध्ये 'ब्लॅक लुक्स' या ग्रंथातील निबंधात घेतलेला आक्षेप महत्त्वाचा आहे. मॅडोनाच्या रूपांतरशीलतेचे जे कौतुक होते त्यातील सामाजिक आधार त्यांनी उघड केला. कृष्णवर्णीय संस्कृतीतील रूपे धारण करणे आणि वाटेल तेव्हा ती उतरवून ठेवणे ही मोकळीक गोऱ्या स्त्रीला असते. ज्यांच्याकडून ती रूपे घेतली जातात त्यांना ती नसते. हुक्स यांच्या युक्तिवादाचा प्रस्तुत विषयाला लागू पडणारा अर्थ असा, की ज्याला प्रकारविज्ञान 'ग्रहणशीलता' म्हणेल ते अंशतः वर्णाने दिलेले स्वातंत्र्य आहे. स्वभाव म्हणून त्याचे वर्णन केले की सत्तेचा प्रश्न मिटतो. दुसऱ्या अक्षाच्या चर्चेत 'व्होग'च्या बाबतीत जे दिसले त्याचेच हे व्यापक रूप होय. स्वभावाच्या भाषेत एकीकडे स्त्रीचे श्रम झाकले जातात आणि दुसरीकडे त्याच स्त्रीचे वर्चस्व झाकले जाते. दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी झाकणारी भाषा समीक्षेच्या कामाची नाही.

६

येथे भारतीय काव्यशास्त्रातील एका जुन्या वादाची आठवण होणे साहजिक आहे. रस कोठे असतो, या प्रश्नाला लोल्लटाने दिलेले उत्तर असे, की तो मुख्यतः अनुकार्यात म्हणजे रामादी मूळ व्यक्तीत असतो आणि अनुसंधानामुळे नटातही भासतो. शंकुकाने ते नाकारून अनुमितीचा सिद्धान्त मांडला. नट शिक्षणाने आणि अभ्यासाने जी चिन्हे प्रकट करतो ती कृत्रिम असतात, पण प्रेक्षकाला तशी वाटत नाहीत; त्यांवरून तो स्थायी भावाचे अनुमान करतो. चित्रातील घोडा पाहून 'हा घोडा' असे जे ज्ञान होते ते खरे, खोटे, संशयात्मक किंवा सादृश्याचे यांपैकी कोणतेच नसते. नटाविषयीचे 'हा राम' हे ज्ञान त्याच जातीचे.

तारकेच्या स्वभावाचे अनुमान शंकुकाच्या या चौकटीत चपखल बसते. कृत्रिम चिन्हांवरून केलेले ते अनुमान आहे आणि चित्रतुरगाच्या ज्ञानाइतकेच त्याचे प्रामाण्य आहे. चाहत्याची चूक अनुमान करण्यात नाही. चित्रातल्या घोड्यावर खोगीर चढवण्यात आहे. भट्टतौताने शंकुकावर घेतलेला आक्षेप तर येथे अधिकच मार्मिक ठरतो. रामाची रती मुळात कोणी पाहिलेली नाही. मग नट तिचे अनुकरण करतो असे कशाच्या बळावर म्हणायचे? मॅडोनाचे मूळ अंतःकरण कोणा प्रेक्षकाने पाहिलेले नाही. मग अमुक मुलाखतीत ते प्रकट झाले आणि तमुक गाण्यात लपले, हा निवाडा कोणत्या मूळ प्रतीशी ताडून करायचा?

नाट्य आणि तारकाव्यवस्था यांत एक भेद मात्र आहे आणि तो निर्णायक आहे. नाट्यात अनुकार्य आणि अनुकर्ता यांची नावे वेगळी असतात. पडदा पडल्यावर राम निघून जातो आणि नट उरतो. पॉप-संगीतात दोघींचे नाव एकच असते. 'मॅडोना' हे नाव ऐकणाऱ्याला रंगमंचासाठी मुद्दाम घेतलेले वाटते, पण ते तिचे जन्मनाव आहे आणि तिच्या आईचेही नाव तेच होते. जे सर्वांत रचलेले वाटावे तेच येथे जन्मजात आहे. उलट, १९९२ च्या 'इरॉटिका' आणि 'सेक्स' या कृतींमध्ये तिने 'डिटा' असे वेगळे नाव घेऊन पात्र आणि व्यक्ती यांत उघड अंतर निर्माण केले, तरीही त्या कृतींचे खापर तिच्या स्वभावावरच फुटले. नामभेदाचा संकेत देऊनही वाचकांनी तो स्वीकारला नाही.

भारतीय परंपरेतही माणसांचे प्रकार आहेत. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत हे नायक, किंवा स्वाधीनपतिका, खंडिता, अभिसारिका इत्यादी अष्टनायिका यांची वर्णने काटेकोर आहेत. पण ती पात्रांची वर्गवारी आहे. त्यातही अष्टनायिका या स्वभाव नसून अवस्था आहेत. आज वासकसज्जा असलेली नायिका उद्या विप्रलब्धा होते, आणि त्यात विसंगती मानली जात नाही. भूमिका करणाऱ्या नटीला कोणी खंडिता ठरवले नाही. तारकेच्या रूपांतरांचे वर्णन करायचे तर स्थिर प्रकारांपेक्षा ही अवस्थांची कल्पना अधिक उपयोगी ठरेल. १९८५ ची, १९९० ची आणि 'रे ऑफ लाइट' या संग्रहात संस्कृत श्लोक गाणारी १९९८ ची मॅडोना यांच्यामागे एक स्वभाव शोधण्याऐवजी प्रत्येक अवस्थेतील विभाव, अनुभाव आणि प्रेक्षकाकडून असलेली अपेक्षा यांचे विश्लेषण करता येते.

७

आता या प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले आहे. दक्षिण कोरियातील लोकप्रिय संगीतात कलावंत स्वतःच आपला स्वभावप्रकार जाहीर करतात आणि तो जन्मतारखेप्रमाणे त्यांच्या परिचयात छापला जातो. अनुमानाची गरजच संपली, असे यावर म्हटले जाईल. वस्तुतः तसे नाही. जाहीर केलेला प्रकार हाही प्रतिमेचाच एक घटक होतो. मुलाखतीतील उत्तरापेक्षा त्याला वेगळे प्रामाण्य नसते. पूर्वी प्रेक्षकाने काढलेला निष्कर्ष आता सामग्री म्हणून पुरवला जातो, एवढाच फरक. 'मटीरिअल गर्ल'मधील दूरध्वनीवरचे बोलणे आता चोरून ऐकावे लागत नाही.

तारकांवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या अभ्यासकासाठी या चर्चेतून एक साधी कसोटी हाती येते. 'ती अशी आहे' या वाक्याच्या जागी 'ही प्रतिमा तिला अशी दाखवते' हे वाक्य ठेवून पाहावे. वाक्य टिकले, तर पुढे कोणाला, कोणत्या साधनांनी आणि कोणाच्या श्रमावर, हे प्रश्न विचारता येतात. तेथे समीक्षेला वाव असतो. वाक्य कोसळले, तर मूळ विधानाला प्रतिमेबाहेरचा आधार हवा होता आणि तो अभ्यासकापाशी नव्हता, हे स्पष्ट होते. या कसोटीला उतरण्यासाठी कुतूहलाचा त्याग करावा लागत नाही. गाणे ऐकताना गाणारीविषयी काहीच वाटू नये अशी अपेक्षा करणे हे रसिकाला रसिकतेपासून तोडणे होईल. आवाजामागे कोणीतरी आहे, ही जाणीव ऐकण्याचा भाग आहे. ते कोणीतरी सोळा खणांपैकी एकात बसवून टाकले, की ऐकणे थांबते. आणि एका स्त्रीने चार दशके केलेले काम तिच्या प्रकृतीचा दाखला म्हणून दप्तरी जमा होते. समीक्षेने ते दप्तर उघडून पुन्हा गाण्यांकडे वळायला हवे.